ब्रेड मऊ आहे म्हणजे ताजा आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे गोव्यात पेपरात पावाबद्दल लिहून येतं ते दोनच वेळा, एक तर पावाचे दर वाढायचे असतात तेव्हा, नाहीतर पोदेर, म्हणजे भट्टीत पाव भाजून दारोदार विकणारे, कमी होत चाललेत, भट्ट्या बंद पडतायत, घरची मुलं धंद्यात उतरत नाहीत यावर कुणीतरी कळकळीनं लिहितं तेव्हा. दोन्ही विषय महत्त्वाचेच आहेत. पण सुपरमार्केटच्या रॅकवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जो स्वस्तातला स्लाइस ब्रेड असतो त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, आणि फोंडा, कुडचडे, वास्को, म्हापसा कुठेही संध्याकाळी बिलिंगच्या लाइनीत उभं राहिलं की बास्केटीबास्केटीत तोच ब्रेड दिसतो. मुलांच्या डब्याला तोच, फर्मागुढीच्या हॉस्टेलवाल्या पोरांना तोच, कंपनीत शिफ्ट करणाऱ्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांना तोच. इतकी माणसं जे रोज खातात त्याच्यावर नीट बोललं गेलं पाहिजे असं मला वाटतं म्हणून हे पत्र.

मी कुंडईला कारखान्यांच्या बाजूला छोटं कँटीन चालवतो. सकाळी भाजी-पाव आणि ऑम्लेट-पाव, त्याला पोदेराचेच पाव लागतात, पण टोस्ट-बटर, सँडविच, ब्रेड पकोडा या सगळ्याला चौकोनी ब्रेडच लागतो, आणि गिऱ्हाईकाच्या खिशाचा विचार केला तर तो स्वस्तातलाच घ्यावा लागतो. त्यामुळे रोज सकाळी पिशव्या फोडून स्लाइस हातात घ्यायचं काम मीच करतो. आणि मला एकच गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे की ब्रेड मऊ आहे याचा अर्थ तो ताजा आहे असा होत नाही, निदान या ब्रेडच्या बाबतीत तरी अजिबात होत नाही.

सुपरमार्केटात जरा उभं राहून बघा, लोक ब्रेड कसा निवडतात. आंबा दाबून बघतात तसा ब्रेड दाबतात. अंगठा रुततो, सोडला की परत वर येतो, की लगेच बास्केटीत. दुसरा येतो तो मागच्या रांगेतला ओढून काढतो, तोपण दाबून बघतो. संध्याकाळपर्यंत पुढच्या रांगेतल्या ब्रेडची कंबर मोडलेली असते आणि तारीख मात्र कुणी वाचलेली नसते. लोकांना दोष नाही, कारण आपल्या सगळ्यांना लहानपणापासून पोदेराच्या पावाची सवय आहे आणि त्या पावाला हीच परीक्षा बरोबर लागू पडते. सकाळचा उंडो, म्हणजे गोल पाव, सकाळी कसा असतो, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, दुपारी जरा चिवट, रात्री दगड. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडी साखर, बस. पूर्वी यीस्टच्या जागी सूर, म्हणजे माडाची ताडी, घालायचे, आता ती काढणारे रेंदेरच कमी झालेत त्यामुळे सूर मिळायची मारामार आणि बहुतेक भट्ट्यांत यीस्टच चालतं, पण तरीही त्या पावात त्याला मऊ ठेवण्यासाठी वेगळं काही घातलेलं नसतं. म्हणून त्याचं वय त्याच्या अंगावर दिसतं, हात लावला की कळतं सकाळचा की कालचा. पोळी म्हणजे कोंड्याचा पाव घ्या, कातऱ्यांचे पाव घ्या, काकणं घ्या, पोदेराच्या या सगळ्या पावांचं तेच. तिथे तारीख छापायची गरजच पडत नाही.

पिशवीतल्या ब्रेडला ही परीक्षा चालत नाही, आणि का चालत नाही ते थोडं सविस्तर सांगतो कारण इथेच सगळं आहे.

आपण समजतो की ब्रेड वाळला की शिळा होतो. तसं नाहीय. 1852 मध्ये बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की ब्रेडमधलं पाणी अजिबात उडू दिलं नाही, हवाबंद ठेवला, तरी तो शिळा होतोच, आणि असा शिळा ब्रेड परत तापवला तर तो पुन्हा मऊ होतो. म्हणजे प्रकार वेगळाच आहे. भट्टीत मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सैल होतो, म्हणून गरम ब्रेड मऊ लागतो. थंड झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू परत एकमेकांना धरून घट्ट बसायला लागतो, पाणी आतल्या आत जागा बदलतं, आतलं कडक व्हायला लागतं आणि तो ओलावा बाहेरच्या कवचात जाऊन कवच चामड्यासारखं चिवट होतं. हे कुठल्याही ब्रेडला चुकत नाही, महागातल्यालाही नाही.

आता कारखान्यात करतात काय, तर हे घट्ट बसणंच लांबवतात. पिशवीच्या मागे बारीक अक्षरात आकडे असतात ते कधीतरी चष्मा लावून वाचा. 471 आणि 481 हे इमल्सिफायर, ते स्टार्चला चिकटून राहतात आणि त्याला कडक होऊ देत नाहीत. 1100 म्हणजे अमायलेज, हे एन्झाइम, ते स्टार्चच्या लांब साखळ्या थोड्या थोड्या तोडतं म्हणजे त्या परत नीट जुळूच शकत नाहीत. मऊपणा टिकवण्यात सगळ्यात मोठा हात याचाच. त्यात पाम तेल आणि साखर, तीही मदत करतात. आणि 282 म्हणजे कॅल्शियम प्रोपियोनेट, ते मऊपणासाठी नाही, ते बुरशी लवकर येऊ नये म्हणून. म्हणजे ब्रेड जुना झाल्याच्या ज्या दोन खुणा आपल्याला माहीत आहेत, कडकपणा आणि बुरशी, त्या दोन्ही लांबवलेल्या असतात. मग हाताला आणि डोळ्याला कळणार तरी कसं? चार दिवसांचा ब्रेड आणि कालचा ब्रेड शेजारी शेजारी ठेवून दाबले तर ज्याला रोजची सवय आहे त्यालासुद्धा फरक सांगता येईल याची खात्री नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या लोक म्हणतील ब्रेडमध्ये विष घालतात. हे सगळे पदार्थ कायद्यानं परवानगी असलेले आहेत, ठरलेल्या प्रमाणात. ज्याच्यावर खरा आक्षेप होता ते पोटॅशियम ब्रोमेट, ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घालायचे ते, त्याच्याबद्दल 2016 च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं तपासण्या करून आवाज उठवला आणि जूनमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ते परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. ते चांगलं झालं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण 471 दिसलं की घाबरून ब्रेड फेकायचा असं मी सांगत नाहीय. माझं म्हणणं एवढंच की ज्या ब्रेडचा मऊपणा मुद्दाम टिकवलेला आहे त्याला मऊपणावरून ताजा ठरवू नका, आणि दुकानदारानंही मऊपणा दाखवून तो ताजा म्हणून विकू नये.

आणि मऊ ब्रेड ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडात चॉर्लीवूड नावाच्या गावी 1961 साली एक पद्धत काढली, पीठ तासन् तास आंबवत ठेवायच्या ऐवजी जबरदस्त वेगाच्या मिक्सरमध्ये काही मिनिटं घुसळायचं, त्यामुळे कमी प्रोटीनच्या पिठाचापण फुगलेला, मऊ, स्वस्त ब्रेड झटपट होतो. तिथून ती बऱ्याच देशांत गेली. लोकांना स्वस्त ब्रेड मिळाला हे खरंच आहे. पण पीठ सावकाश आंबताना जो वास आणि जी चव येते ती काही मिनिटांत येत नाही, म्हणून हा ब्रेड मऊ असतो पण नुसता खाल्ला तर तोंडात काहीच लागत नाही.

मग ताजा ओळखायचा कसा, तर मी काय बघतो ते सांगतो. पिशवी फोडली की पहिला वास घ्या. एक-दोन दिवसांच्या ब्रेडला गव्हाचा, यीस्टचा थोडा तरी वास असतो, जुन्याचा तो गेलेला असतो आणि नुसता आंबूस, व्हिनेगरसारखा उरतो. मग कडेची स्लाइस, जिला कुणी खात नाही ती, बोटात धरून वाकवा, कवच चिवट होऊन रबरासारखं ताणलं जात असेल तर ब्रेडनं बरेच दिवस बघितलेत, आतलं कितीही मऊ लागू दे. आणि खाल्ल्यावर घास टाळ्याला चिकटून त्याचा गोळा होत असेल तर तो मऊपणा ताजेपणाचा नाही हे समजा. बटर लावताना सुरी फिरवली की स्लाइस मधोमध फाटते, ते मात्र बऱ्याचदा वेगळ्या कारणानं, ब्रेड पूर्ण थंड व्हायच्या आधीच कापून पिशवीत भरलेला असतो. अशा पिशवीला आतून पाण्याचे थेंब दिसतात. असा ब्रेड घेऊ नका, त्याला बुरशी लवकर धरते, आमच्या हवेत तर धरतेच धरते.

पण या सगळ्या खुणा पिशवी फोडल्यावरच्या. दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे तारीख. आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

तारीख कुठे असते बघा. पिशवीच्या तोंडाशी जिथे चुण्या पडतात आणि क्लिप लावतात, तिथे काळ्या ठिपक्या-ठिपक्यांत छापलेली, अर्धी पुसलेली. बऱ्याच पिशव्यांवर महिना वाचता येतो, दिवस वाचता येत नाही. आता ब्रेडला महिना वाचून काय करायचं, ब्रेड म्हणजे काही लोणचं नव्हे! आमच्या जवळच्या एका सुपरमार्केटात (नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच दुकानात होतं असं नाही) संध्याकाळी ऑफरचे गोल स्टिकर लावतात, एकावर एक फ्री किंवा दहा रुपये कमी, आणि ते स्टिकर नेमके तारखेवर. मी एक सोलून बघितला, खाली त्याच दिवसाची शेवटची तारीख. म्हणजे घरी नेऊन सकाळी डब्याला द्यायचा तर तो मुदत संपलेला. तिथल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "अंकल, दाबून बघा ना, मऊ आहे, ताजाच आहे." तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसंच वाटत होतं, त्याला कुणी वेगळं शिकवलेलंच नाही. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाले वरून स्टिकर येतात, आम्ही लावतो. त्यानंतरही स्टिकर तसेच आहेत.

हे नियमात बसत नाही हे सांगायला पाहिजे. पॅकबंद मालाच्या नियमात स्टिकर लावून छापलेली माहिती बदलता येत नाही, किंमत कमी केल्याचा स्टिकर लावायची मुभा आहे पण त्यानंसुद्धा मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. किमतीच्या बाबतीत एवढं आहे तर तारीख झाकणं कसं चालेल? एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत मुदत संपण्याची तारीख सक्तीची आहे, आणि लेबलवरची माहिती गिऱ्हाईकाला नीट वाचता आली पाहिजे हेही त्यातच आहे. बेस्ट बिफोर लिहायचं की नाही ते कंपनीच्या मर्जीवर, पण एक्सपायरी लिहिलीच पाहिजे. म्हणजे कायदा आहे, फक्त ब्रेडच्या रॅकपाशी येऊन कुणी वाकून बघत नाही.

आणि मला कुणाचं नुकसान व्हावं असं वाटत नाही. शेवटच्या दिवसाचा ब्रेड अर्ध्या किमतीत विकणं ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः तो घेतो, त्याच दिवशी ब्रेड पकोडे होतात, क्रंब्स होतात, कटलेटला लागतात. फेकण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेलेला बरा. फक्त सांगून विका. वेगळ्या बास्केटीत ठेवा, वर मराठी-कोकणीत मोठ्या अक्षरात लिहा की हा आजच संपवायचा. ज्याला पाहिजे तो आनंदानं घेईल. पण हॉस्टेलचा पोरगा एकावर एक फ्री बघून दोन नेतो, आठवडाभर पुरवून पुरवून खातो, आणि दुसऱ्या पिशवीतल्या खालच्या स्लाइसना हिरवे ठिपके आलेत हे त्याला अर्धी पिशवी संपल्यावर दिसतं. ठिपका काढून बाकीचा खातात बरेच जण. तसं करू नका, ब्रेड जाळीदार असतो, बुरशीचे तंतू वर दिसतात त्याच्यापेक्षा आतपर्यंत गेलेले असतात, पूर्ण पिशवीच टाकून द्या.

बुरशीपेक्षाही एक वाईट प्रकार आमच्या दमट हवेत होऊ शकतो, तो फार लोकांना माहीत नाही. पिठात काही जिवाणूंचे बीजाणू असतात ते भट्टीतल्या उष्णतेतही मरत नाहीत, आणि ब्रेड गरम, दमट जागी राहिला तर ते वाढायला लागतात. आतला भाग चिकट होतो, स्लाइस तोडली की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात आणि फार पिकलेल्या अननसासारखा गोडसर वास येतो. बाहेरून बुरशी दिसत नाही, दाबला तर मऊच लागतो, उलट जास्तच मऊ. असा ब्रेड मऊ म्हणून कुणी खाल्ला तर काय होईल सांगा. 282 आणि व्हिनेगर घालतात ते यासाठीपण असतं, म्हणून मी त्यांच्या विरोधात नाही असं वर लिहिलं. पण ब्रेड पूर्ण थंड करून पॅक करणं, आणि दुकानात तो उन्हात येणाऱ्या काचेजवळ किंवा डीप फ्रीजरच्या मागून गरम हवा येते तिथे न ठेवणं, याला कुठलाही आकडा पर्याय नाही. आमच्याकडे कितीतरी दुकानांत ब्रेडचा रॅक दारालाच असतो, दुपारभर ऊन त्याच्यावर.

घरी ठेवण्याबद्दलही लिहितो, कारण ताजा आणलेला ब्रेडसुद्धा आपण घरीच शिळा करतो. बहुतेक घरांत ब्रेड सरळ फ्रीजमध्ये जातो. फ्रीजमध्ये बुरशी लांबते हे खरं, पण स्टार्च घट्ट बसण्याची जी गोष्ट वर सांगितली ती फ्रीजच्या चार-पाच डिग्रीला सगळ्यात वेगानं होते, बाहेर ठेवलेल्यापेक्षा कितीतरी वेगानं. म्हणून फ्रीजमधला ब्रेड दुसऱ्या दिवशी भुगाभुगा होतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर बाहेरच, पिशवीचं तोंड नीट बांधून, गॅसच्या शेगडीपासून लांब. जास्त दिवस ठेवायचा असेल तर खालच्या कप्प्यात नाही, वरच्या फ्रीझरमध्ये, बर्फ होतो तिथे, उणे अठराला ही सगळी प्रक्रिया थांबल्यासारखीच होते. स्लाइस सुट्या करून ठेवायच्या, लागतील तेवढ्या काढून सरळ तव्यावर. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर मी कँटीनला दुसरा विचारच करत नाही, बाहेर ठेवलेल्या ब्रेडची कधी वाट लागेल सांगता येत नाही. आणि कडक झालेला असेल पण मुदतीत असेल, वास ठीक असेल, तर चाळणीवर ठेवून खालून मिनिटभर वाफ द्या, साधारण साठ डिग्रीच्या वर गेला की स्टार्च परत सैल होतो आणि ब्रेड मऊ होतो. लगेच खायचा मात्र, थंड झाला की पहिल्यापेक्षा कडक.

काही सुपरमार्केटांत आता आतच ओव्हन लावलाय, गरम ब्रेडचा वास दारापर्यंत येतो आणि माणूस ओढला जातो. कुठे कुठे तो पूर्ण तिथेच बनतो, कुठे अर्धा भाजून आलेला असतो आणि इथे फक्त शेवटचं भाजतात. अर्धा भाजून आणलेला ब्रेड चांगला लागतो, पण गरम असेपर्यंत, नंतर तो लवकर कडक होतो. तेही बोर्डावर लिहावं, एवढंच.

ब्राऊन ब्रेडवर वेगळं पत्र होईल. इथे एकच, पिशवीवरच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं. पहिलं नाव मैदा असेल आणि पुढे कुठेतरी 150 आकड्याचा रंग असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, कॅरॅमलचा रंग लावलेला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून म्हातारी माणसं तो जास्त पैसे देऊन घेतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि वजन बघा. फुगलेला ब्रेड मोठा दिसतो, चारशे ग्रॅम आहे की साडेतीनशे ते पिशवी वाचल्याशिवाय कळत नाही. आता पाकिटावर ग्रॅममागे किती रुपये पडतात तेही छापायचा नियम आलाय, त्यावरून दोन ब्रेडची तुलना करता येते, म्हणजे स्वस्तातला खरंच स्वस्त आहे की नुसता हवेनं भरलाय ते समजतं. ब्रेडवर जीएसटी नाही, तेव्हा टॅक्समुळे महाग झाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

माझ्या ओळखीचे काही लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला, सुपरमार्केटचा ब्रेड घेऊच नका, पोदेराचा पाव खा. मी पोदेराचा पाव रोज घेतो आणि घेत राहणार, आमच्याकडे येणारे पोदेर सकाळी काळोखात सायकलवरून हॉर्न वाजवत येतात, पावसात ताडपत्री घालून येतात, त्यांचे उपकार आहेत. पण ज्याची शिफ्ट रात्री अकराला सुटते त्याला सकाळचा पोदेर मिळत नाही. जी बाई साडेसहाला बस पकडते आणि दोन मुलांचे डबे भरते तिला आदल्या रात्रीच काहीतरी घरात पाहिजे. फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर हॉर्न ऐकू येऊन खाली उतरेपर्यंत पोदेर पुढच्या वाड्यावर गेलेला असतो. आणि पाव संध्याकाळपर्यंत कडक होतो, तो त्याचा चांगुलपणाच आहे, पण म्हणून तो सगळ्यांच्या सगळ्या गरजा भागवू शकत नाही. स्वस्त ब्रेड घेणाऱ्याला कमी लेखून काही होणार नाही. त्याला कमी पैशात जे मिळतंय ते नीट, मुदतीतलं आणि खरं सांगून मिळावं, हा त्याचा हक्क आहे. महागातला ब्रेड घेणाऱ्याला कागदी पिशवीवर आज भाजला म्हणून शिक्का मारून मिळतो, आणि स्वस्तातला घेणाऱ्यानं क्लिपखाली चुण्या उलगडून तारीख शोधायची, हे मला पटत नाही.

म्हणून ब्रेड बनवणाऱ्यांना विनंती की बनवल्याची आणि संपण्याची तारीख पिशवीच्या पुढच्या बाजूला, सपाट जागेवर, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल अशी छापा. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाला विनंती की दुकानांची तपासणी होते तेव्हा ब्रेडचा रॅक बघावा, तारीख वाचता येते का, स्टिकर कुठे लावलेत, रॅक उन्हात आहे का, आणि हे पावसाळा सुरू व्हायच्या आधी करावं. गिऱ्हाईकांना विनंती की दाबणं बंद करा, वाचायला सुरुवात करा, तारीख वाचता येत नसेल तर ती पिशवी काउंटरवर नेऊन सांगा की वाचता येत नाही, दुसरी द्या. मुदत संपलेला विकला तर बिल आणि तारखेचा फोटो ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा, फोन करायला पैसे पडत नाहीत.

आणि सुपरमार्केटवाल्यांना एकच सांगणं, कंपनीकडून काही बदल व्हायची वाट बघू नका. ब्रेडची गाडी सकाळी किती वाजता आली, कुठला लॉट आला, कालचे किती उरले हे सगळं तुमच्या चलनावर असतं, माल उतरवून घेणाऱ्या मुलाला ते पाठ असतं. रॅकला एक छोटा बोर्ड लावा आणि त्याच मुलाला रोज त्याच्यावर खडूनं लिहायला सांगा, वरच्या फळीवर आज आलेला, खालच्या फळीवर काल आलेला. याला वरून कुणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही. फोंड्यातल्या एका दुकानानं जरी हे सुरू केलं तरी कँटीनचा सगळा ब्रेड मी तिथूनच घेईन, दोन रुपये जास्त पडले तरी.

आपला नम्र,
एक कँटीनचालक, कुंडई